कडकरावांचा हलका हात

कडकरावांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खुद्द त्यांनाही ते सही करतानाच आठवायचं. इस्त्रीचं दुकान होतं त्यांचं. कॉलर अशी उभी करायचे की घालणाऱ्याला मागे बघायचं झालं तर अख्ख्या अंगानिशी वळावं लागे, म्हणून ते कडकराव. बाकी स्वभाव म्हणाल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. समोरच्यानं आवाज चढवला की हे आपला उतरवणार. "कपडे कालच मिळायला हवे होते," असं कुणी गुरकावलं की हे आधी म्हणणार, "चुकलंच माझं," आणि तो माणूस निघून गेल्यावर यांना आठवणार की त्याचे कपडे आलेत आज सकाळी.

जोर होता तो सगळा उजव्या हातात. बत्तीस वर्षं कोळशाची इस्त्री दाबून दाबून उजवा दंड डाव्यापेक्षा दोन बोटं जाड झाला होता. त्यांची बायको त्यांच्या शर्टाची उजवी बाही मुद्दाम सैल शिवून घ्यायची आणि शिंप्याला बजावायची, "हसू नका, माप आहे ते."

अशा या माणसानं अठ्ठावन्न वर्षांचं होईपर्यंत दाढीचं पातं कधी हातात धरलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. गल्ली ओलांडली की समोर वस्तादांचं सलून. सकाळी सहाला इकडे इस्त्रीत कोळसे पेटायला ठेवायचे आणि तिकडे जाऊन खुर्चीत बसायचं. कोळसे लाल होईपर्यंत गाल गुळगुळीत. बदल्यात वस्तादांचा पांढरा कोट कडकराव इस्त्री करून द्यायचे. दोघांत ना कधी हिशेब झाला, ना कधी खाडा.

वस्ताद मोठे कारागीर. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि बसलीच तर तिचीही दाढी करून सोडतील असा हात. गिऱ्हाईक खुर्चीत पेंगायचं आणि उठल्यावर विचारायचं, "झाली?" पण एवढ्या कारागिराच्या हाताखाली एकही माणूस तयार झाला नाही. शिकाऊ आले तसे गेले, आठवड्याच्या वर कुणी टिकला नाही. शिकाऊच्या हातातलं पातं जरा वाकडं पडलं की वस्ताद ओरडायचे, "दे इकडे!" आणि पुढची दाढी स्वतःच करून टाकायचे. शिकणाऱ्यानं मग शिकायचं काय, तर टॉवेल धरायला.

आठ महिन्यांपूर्वी तोच हात थरथरायला लागला. आधी फेस करताना, मग कात्री धरताना, आणि एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. जखम टीचभरही नव्हती. वस्तादांनी तुरटी फिरवली, माणसाला दारापर्यंत पोचवलं, कोट काढून त्याची घडी घातली आणि शटर ओढलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही, पण हा कंप आता जाणार नाही. वस्ताद सलूनवरच्या दोन खोल्यांत राहायचे. ते वर गेले ते खाली उतरलेच नाहीत.

कडकराव दिवसभर टेबलापाशी उभे राहायचे आणि मान वर केली की ते बंद शटर बघायचे. त्यांना करमेना. दुसऱ्या सलूनमध्ये जायला पाऊल उठेना, म्हणून बायको महिन्या-दोन महिन्यांनी शिवणाच्या कात्रीनं त्यांची दाढी कापून द्यायची. तिकडे वस्तादांचीही वाढलेली. बायको म्हणाली, "दोघांनी मिळून हिमालयात जायचं ठरवलंय का? तसं असेल तर इस्त्री मला शिकवून जा."

अशात महिन्याच्या दहा तारखेला वर्गाच्या बाई आल्या. चौकापलीकडे एक धंदेशिक्षणाचा वर्ग होता. शिवण, विजेची कामं, नळाची कामं असं तिथे शिकवत. तिथले पांढरे एप्रन दर शनिवारी कडकरावांकडे इस्त्रीला यायचे. बाई कायम घाईत, बोलायच्या तेही चालता चालता.

"एक तारखेपासून केस-दाढीचा नवा वर्ग सुरू करतेय. शिकवायला माणूस हवा. तुमच्या समोरचे वस्ताद येतील का? सगळे त्यांचंच नाव घेतात. तीस तारखेला सकाळी दहाला त्यांना माझ्याकडे पाठवा. नाही आले तर दुसरे एक आहेत, त्यांना घेईन."

हाताचं सांगायला हवं होतं. कडकरावांनी तोंड उघडलंसुद्धा, पण तोवर बाई एप्रनचं बोचकं उचलून रस्त्याला लागल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, कडकरावांनी तोंड जरा सावकाशच उघडलं होतं.

ते तडक वर गेले. वहिनी म्हणजे वस्तादांची बायको चहा करत होत्या. त्यांनी कडकरावांचा कप काठोकाठ भरला आणि वस्तादांचा अर्धा. अर्धा का, हे न कळायला कडकराव काही लहान नव्हते.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "काय शिकवू? डोंबल? हात बघितलास माझा?"

"शिकवायला तोंड लागतं, वस्ताद."

"मग तोंड बघ." त्यांनी दाढीवर हात फिरवला. पांढरी, कुठे दाट कुठे विरळ, अशी ती वाढली होती. "असं तोंड घेऊन दाढी शिकवायला जाऊ? शिंप्यानं उसवलेली पँट घालून माप घ्यायला जावं, तसं?"

"ती तर चौकातल्या सलूनमध्ये दहा मिनिटांत…"

"त्या दिवट्याला वस्तरा पुसता येत नाही नीट. त्याच्या हातात मान देऊ? त्यापेक्षा जमिनीपर्यंत वाढू दे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हे. कडकराव मुकाट्यानं उठले. वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊजी, आता ते जेवायलाही पाठमोरे बसतात. सांडलेलं मला दिसू नये म्हणून. बोलत नाहीत, खाली बघत नाहीत. हे काम मिळालं ना, तर माझा माणूस मला परत मिळेल. नाहीतर असेच बसून बसून संपतील हो ते."

कडकराव दोन पायऱ्या उतरले होते. तिथूनच वळले आणि ओरडले, "मग मी करतो!"

"काय करतोस?" आतून वस्ताद.

"तुमची दाढी."

मग वस्ताद म्हणाले, "कडक्या, तू माझं तोंड इस्त्री करणार?" पण नाही म्हणाले नाहीत, हे वहिनींनीही टिपलं आणि कडकरावांनीही.

वस्तादांनी अट घातली. वस्तऱ्याला हात लावायचा नाही, ते शिकायला उरलेला जन्म पुरणार नाही. यंत्राचा रेझर घ्यायचा, ज्यात ब्लेड बसवतात तो. आधी स्वतःची दाढी रोज करायची. ती बिनरक्ताची झाली तर आणि तरच पुढचं बोलू. हातात वीस दिवस.

रेझर घरातच निघाला. लग्नात मेव्हण्यानं दिलेला, डबीत बत्तीस वर्षं न उघडता पडलेला. बायको म्हणाली, "शेवटी माझाच भाऊ कामाला आला," आणि पुढचे वीस दिवस हे वाक्य तिनं काही खाली पडू दिलं नाही.

वस्तादांपुढे एकदम नाचक्की नको, म्हणून कडकरावांनी पहिला प्रयोग घरीच केला. नवं ब्लेड आणलं, रेझरची टोपी उघडली, ब्लेड बसवलं, दांडा पिळून घट्ट केला. साबण लावला आणि रेझर गालावरून फिरवला. कुठे ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. कडकरावांची छाती फुगली. मग त्यांनी तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. दाढी होती तिथेच होती.

"नुसता साबण लावून पुसलात होय?" बायकोनं विचारलं.

ब्लेड बोथट निघालं अशी तक्रार घेऊन ते वर गेले. वस्तादांनी रेझर मांडीवर धरून टोपी पिळायचा प्रयत्न केला, हात ऐकेना, तशी वहिनींनी ती पिळून दिली. ब्लेड कागदासकट आत बसलेलं होतं.

"हा कागद काय करतोय इथे?"

"म्हटलं, ठेवायचाच असेल," कडकराव म्हणाले. "नाजूक कापडावर इस्त्री फिरवायची तर मध्ये पातळ फडकं घालतो आम्ही. कातडी नाजूक, म्हणून कंपनीनंच…"

वस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसता त्यांनी थरथरत्या हातानं कडकरावांच्या पाठीत एक गुद्दा घातला. वहिनी रेझर हातात धरून तशाच उभ्या होत्या. आठ महिन्यांत हा आवाज त्या घरात झाला नव्हता. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शटर अर्धं वर गेलं. कडकराव आरशासमोर, वस्ताद मागच्या बाकावर. कागद काढलेला होता, वस्तादांनी दोनदा विचारून घेतलं होतं. कडकरावांनी फेस लावला, रेझर उचलला आणि सवयीनं बोट जिभेला लावून ब्लेडवर टेकवलं. इस्त्री तापली का, हे बघायची बत्तीस वर्षांची रीत. इस्त्री चर्र करते, ब्लेड काही करत नाही. रक्त तेवढं येतं.

"अरे गाढवा, तापतं का ते!"

बोटाला चिंधी बांधून पुन्हा सुरुवात. आता त्यांनी थेट गळ्याला हात घातला. "तिथून का?" तर म्हणे कॉलर आधी, मग बाही, मग पाठ. वस्तादांनी कपाळावर हात मारला. गाल आधी, गळा मग, हनुवटी आणि ओठ शेवटी, कारण तिथले केस राठ, त्यांना भिजायला वेळ लागतो. बरं, गालावर रेझर ठेवला. आणि बत्तीस वर्षं जो हात सुरकुतीवर जोर द्यायला शिकला होता, त्यानं जोर दिला. एक, दोन, तीन. फेस गुलाबी झाला.

"जोर नको! जोर नको रे! असं नाही! दे इकडे!"

वस्ताद ताडकन उठले आणि त्यांनी हात पुढे केला. कडकरावांनी रेझर पुढे केला. वस्तादांचा हात मध्येच थांबला. तो आरशात दोघांनाही दिसेल असा थरथरत होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी तो मागे घेतला, बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

कडकरावांना वाटलं, संपलं. आता उठून वर जाणार.

वस्ताद उठले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "असं कर."

"असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे… असं! हलकं."

"हलकं म्हणजे किती?"

वस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "आडात आहे रे सगळं," ते शेवटी म्हणाले, "पोहऱ्यात येत नाही. हाताला येतं ते तोंडाला येत नाही माझ्या. आजवर कधी बोलायची वेळच आली नाही."

त्या दिवशी कडकरावांनी सात तुकडे कागदाचे चेहऱ्यावर चिकटवून दुकान उघडलं. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं?" तर म्हणायचे, "शिक्षण."

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र गंमत झाली. आठ महिने गल्लीत पाऊल न टाकलेले वस्ताद गल्ली ओलांडून इस्त्रीच्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. हात खिशात. "तू कर तुझं काम. मी बघतो," म्हणाले. कडकराव घामाघूम. कुणी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर त्यांनी एका बाहीला दोन घड्या पाडल्या. वस्ताद तासभर बघत राहिले. जाडी पँट झाली, सुती शर्ट झाले, मग एक रेशमी ओढणी निघाली. तिच्यावर इस्त्री फिरली आणि वस्ताद उठून उभे राहिले.

"थांब. आत्ता काय केलंस?"

"काही नाही. इस्त्री केली."

"तसं नाही. हात वेगळा फिरला तुझा. काय केलंस सांग."

कडकरावांनी विचार केला. हे त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. "रेशमावर इस्त्री ठेवत नाही मी. तिचं वजन हातात धरून ठेवतो. ती नुसती कापडावरून जाते, बसत नाही."

"मग झालं तर!" वस्तादांनी दोन्ही हात खिशातून काढले, थरथरत असलेले तसेच हवेत नाचवले. "गाल म्हणजे रेशीम समज. इस्त्री जड, म्हणून तिचं वजन तू धरतोस. रेझर हलका, त्याला वजन बेताचंच. तेवढं त्याचं त्याला पुरतं. तू तुझं घालू नकोस. दांडा दोन बोटांत धर, शेवटाला धर, आणि जाऊ दे त्याला. आणि केसांचा कल बघ. मखमलीवर उलटी इस्त्री मारशील?"

"छे! लव मरते."

"मग केसांवरही सुलटच जायचं. बोटानं चाचपून बघ आधी, कुठे कुठल्या बाजूला झोपलेत."

त्या संध्याकाळी कडकराव घरभर स्वतःचा गळा चाचपत फिरले. केस गळ्याच्या डाव्या बाजूला खाली जातात आणि उजव्या बाजूला कानाकडे, ही बातमी त्यांनी बायकोला दोनदा सांगितली.

चमत्कार काही झाला नाही. पाच दिवस गेले, पाच जखमा राहिल्या. मग तीन. मग एके दिवशी पुन्हा सहा, कारण आदल्या दिवशी शंभर चादरींची ऑर्डर होती आणि हातातून जोर उतरला नव्हता. वस्ताद बाकावरून बोलत राहायचे. ओरडायचेही. पण आता ओरडण्यात काहीतरी सांगणं असायचं. "कातडी ताण, पण चादरीसारखी नको, शिवण उसवेल." "दांडा जरा खाली घे, पातं केसाला लागू दे, कातडीला नको." "आवाज ऐक. कर्रर्र असा बारीक आवाज आला की बरोबर. आवाज बंद झाला की तू नुसता साबण खरवडतोयस." कधी शब्द सापडायचा नाही, तेव्हा डोळे मिटून बसायचे आणि सापडला की एकदम मांडीवर थाप मारायचे. बायको म्हणायची, वस्ताद उंटावरून शेळ्या हाकतात आणि आमची शेळी रक्तबंबाळ. पण तिनंही पाहिलं होतं की अठ्ठावीस तारखेला शेळीच्या तोंडावर कागदाचा एकही तुकडा नव्हता.

तीस तारीख उजाडली. वस्ताद गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. मागे डोकं टेकवायची फळी कुठे येते, हे त्यांना चाचपून बघावं लागलं. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

कडकरावांनी आधी कात्रीनं दाढी कमी केली. गरम पाण्याचा टॉवेल ठेवला. फेस लावला. रेझर उचलला आणि बघतात तर त्यांचाच हात कापायला लागलेला.

"आता तूही?" वस्ताद फेसातून म्हणाले. "मग दोघं मिळून वाजंत्र्यांच्या पथकात जाऊ."

वहिनींना हसू आलं. कडकरावांनी श्वास सोडला. दांडा शेवटाला, दोन बोटांत. डावा गाल, कानापासून खाली. वस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. "दांडा वर गेला," ते म्हणाले, न बघता. कडकरावांनी खाली घेतला. "हं." मग पुन्हा, "कातडी." मग बराच वेळ काही नाही. एक गाल झाला, दुसरा झाला, गळ्याचा अर्धा भाग झाला, आणि वस्ताद गप्पच. कडकरावांनी रेझर उचलून धरला.

"वस्ताद, काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर गप्प बसलो असतो का?"

हनुवटी झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसा वरचा ओठ राहिला होता, आणि तिथेच नाकाखाली एक बारीकसा लाल ठिपका उमटला. कडकराव पांढरे पडले. वस्तादांनी तुरटी मागितली, "वाचशील," एवढंच म्हणाले. टॉवेल फिरवला आणि वहिनी पुढे आल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला, भाऊजींसमोर, आणि रडल्या.

एवढ्या सगळ्यात नऊ वाजून गेले. कडकरावांची स्वतःची दाढी राहून गेली. कालपासूनचे खुंट घेऊनच ते वस्तादांबरोबर निघाले.

बाईंनी दोघांना बसवलं, वेळापत्रक पुढे सरकवलं, चावी कुठली, कपाट कुठलं ते सांगायला लागल्या. वस्ताद म्हणाले, "बाई, आधी हे बघा," आणि दोन्ही हात खिशातून काढून टेबलावर ठेवले. टेबलावरचं पेन त्या थरथरीनं घरंगळत गेलं.

झालं, कडकरावांच्या मनात आलं, हात दाखवून अवलक्षण.

बाईंचा चेहरा उतरला. त्या कडकरावांकडे वळल्या. "हे तुम्हाला माहीत होतं? मला आधी सांगायला नको? उद्या वर्ग सुरू होतोय, चौदा जण येतील. मी काय सांगू त्यांना?"

"चुकलंच माझं," कडकराव म्हणाले. जिभेवरच असायचं ते. पण नंतर त्यांना वहिनी आठवल्या आणि ते उठून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच कुणापुढे त्यांचा आवाज चढला. "पण चुकलं ते न सांगण्यात! यांना पाठवण्यात नाही! बाई, वीस दिवसांपूर्वी मी ब्लेड कागदासकट फिरवत होतो. बोट लावून ते तापलंय का बघत होतो, ही बघा खूण! आणि आज सकाळी यांची ही दाढी मी केली. या माणसानं मला हातसुद्धा लावला नाही. नुसतं सांगितलं. हात थरथरतो, तो त्यांचा. माझा थरथरत नाही, आणि चौदा जणांचाही थरथरत नसेल!"

एवढं बोलून कडकराव स्वतःच घाबरले आणि खाली बसले. बाईंनी वस्तादांचा चेहरा नीट न्याहाळला, गळ्यापाशी वाकून बघितलं. त्या बाई कसल्या नुसत्या बोलण्यावर जाणार! उठल्या, कपाटातून नवा रेझर काढला आणि म्हणाल्या, "मी हे कधी धरलेलं नाही. मला शिकवा. आत्ता. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे."

"कुणाच्या तोंडावर?" वस्तादांनी विचारलं.

दोघांनीही कडकरावांच्या खुंटांकडे बघितलं. आपल्या आवाज चढवण्याचं फळ हे असं मिळणार, याची कडकरावांना कल्पना नव्हती. पण त्यांनी मुकाट्यानं मान वर केली.

वस्ताद बाईंच्या बाजूला, दोन हात अंतरावर उभे राहिले. लगेच रेझर धरायला नाही लावला. आधी विचारलं, "बाई, तुम्ही रोज हातानं काय करता?"

"मी? फळ्यावर लिहिते."

"खडू मोडतो?"

"रोज मोडतो."

"मग तुमचाही हात याच्यासारखाच," वस्ताद म्हणाले. "समजा, हातात शेवटचा खडू आहे आणि अख्खा तास बाकी आहे. आता लिहा."

बाईंचा हात हलका झाला. तो गालावरून खाली येताना कडकरावांना कळला, जसा रेशमावर स्वतःचा कळायचा तसा. कर्रर्र असा बारीक आवाज आला. मध्ये एकदा आवाज थांबला तेव्हा बाईंनी स्वतःच दांडा खाली घेतला, वस्तादांनी सांगायच्या आत. वस्तादांचे हात या वेळी खिशात नव्हते. ते हवेत, बाईंच्या हाताबरोबर खाली येत होते, थरथरत, पण बरोबर त्याच वळणानं.

एक गाल झाला. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, स्वतःच्या कामाकडे चकित होऊन बघितलं, आणि घड्याळाकडेही. "उद्या आठला या, वस्ताद. हात थरथरतो हे मुलांना पहिल्याच दिवशी तुम्हीच सांगा, म्हणजे कुणी कुजबुजणार नाही."

"आणि हा दुसरा गाल?" कडकरावांनी विचारलं.

"तो वर्गासाठी राखून ठेवा. चौदा जणांना पुरवायचाय," बाई म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

मग दोघं परत निघाले. एक गुळगुळीत, दुसरा अर्धाच गुळगुळीत. येणारे-जाणारे कडकरावांकडे वळून बघत होते. चौकात गाड्या थांबेपर्यंत दोघं उभे राहिले आणि तिथे भरगर्दीत वस्तादांनी आपला थरथरता हात वर उचलला, कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश स्वतःच्या गालावरून फिरवला, मग दुसऱ्या गालावरून, मग गळ्यावरून, जसा ते बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गालावरून फिरवत आले होते. कोण बघतंय याची त्यांनी फिकीर केली नाही.

"कडक्या," ते म्हणाले, "चांगली केलीस."

कडकरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला त्यांनी हात वर केला आणि न पुसताच खाली घेतला, कारण इतकं बरं त्यांना फार वर्षांत वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "मग उद्या सहाला येतो."

"साडेपाचला ये," वस्ताद म्हणाले. "मला आठला कामावर जायचंय."